उजव्या हाताचा लेप

"खाण्यापिण्याचा याच्याशी काही संबंध नाही हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पट्ट्याचा फुगा दाबायला लागल्या. आमच्या कचेरीची वार्षिक तपासणी चालली होती. बैठकीच्या खोलीत मध्ये पडदा लावून अलीकडे वजनाचा काटा आणि पलीकडे या बाई, असा थाट होता. वयानं माझ्या निम्म्या असतील. रक्तदाब मोजायचा म्हणून मला बाही खांद्यापर्यंत गुंडाळावी लागली, आणि बाही वर गेली की जे दिसतं ते दिसलं. दंडभर मोहरीहूनही बारीक, खरखरीत फोडच फोड. थंडीनं अंगावर काटा यावा तसे, फक्त माझ्या अंगावरचा काटा अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी आला आणि परत गेलाच नाही. बाईंनी विचारलं, कधीपासून आहे हे? म्हटलं, नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून. काही करता का याच्यावर? मग मी सांगत सुटलो. दूध बंद, अंडी बंद, पाव बंद. शेंगदाणे, टोमॅटो, चॉकलेट बंद. रोज सकाळी आंघोळीला वज्रीनं दंड घासणं, आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा जवाचं पीठ, मध आणि खोबरेल यांचा लेप. हे सांगताना मला नेहमी जरा अभिमानच वाटतो. काही माणसं कुठलंसं शिखर चढून आल्याचं सांगतात, तसा मी न खाल्लेल्या पदार्थांची यादी सांगतो. बाईंनी यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग ते वाक्य टाकलं. "निरुपद्रवी असतं हे. घराण्यातून येतं बहुतेक वेळा. केसांच्या मुळाशी कातडी जरा जाड होते, बस. साधं क्रीम लावून मऊ ठेवा, घासाघाशी करू नका. आणि खायचं ते खा की!" मग फुस्सकन हवा सोडून त्यांनी आकडा बघितला. "प्रेशर वाढलंय जरा. एरवी असतं का?" एरवी नसतं, मी म्हटलं.

त्या दिवशी दुपारी मला एका नऊ मजली इमारतीची लिफ्ट तपासायची होती. माझं कामच ते. इमारतीचे मालक, लिफ्टचे मिस्त्री, सगळे छातीठोक सांगतात की साहेब, एकदम ठणठणीत आहे. मी मान डोलावतो, आणि मग दोराची जाडी मोजतो, ब्रेक ओढून बघतो, वाळूची पोती चढवून लिफ्ट अधांतरी थांबवतो, आणि त्यानंतरच सही करतो. तीस वर्षांत ऐकीव माहितीवर मी एकही सही केलेली नाही, याची मला घमेंड आहे. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये मी उकिडवा बसलो होतो, खालून मिस्त्री "साहेब, सोडू का?" म्हणून ओरडत होता, आणि त्या वंगणाच्या वासात माझ्या डोक्यात एकाएकी उजेड पडला. जगातल्या सगळ्या लिफ्टांची चाचणी घेत हिंडणाऱ्या या माणसानं स्वतःच्या पोटात काय जातं आणि काय जात नाही, याची एकदाही चाचणी घेतलेली नव्हती. "साहेब, सोडू का?" "थांब!" मी ओरडलो. मिस्त्री थांबला, लिफ्ट थांबली, मी मात्र आठवत राहिलो. किती ताटांकडे मी नुसतं बघत आलो होतो! शाळेच्या सहलीत मुलं उकडलेल्या अंड्यांवर मीठ भुरभुरत होती आणि मी काकडी खात होतो. बढती मिळाली तेव्हा केक मी कापला आणि खाल्ला इतरांनी. लग्नानंतर आम्ही डोंगरातल्या एका हॉटेलात राहिलो होतो, बाहेर धुकं, बायको दोन्ही हातांत कप धरून गरम कोको पीत होती, तिच्या वरच्या ओठावर फेसाची मिशी आली होती, आणि तिच्यासमोर मी लिंबू पिळलेलं गरम पाणी पीत होतो. आता मला संताप यायला हवा होता. मी वाट बघितली. संताप येईना. आली ती एक विचित्र गुदगुली, आणि तिच्या तळाशी एक भीती. ताईला हे कळलं तर?

कारण हे सगळं ताईचं होतं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई सतराची. त्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या डोक्यावर पाणी ओतता ओतता तिचा हात माझ्या दंडावर थांबला. तिनं अंगठा खालून वर फिरवला, मग वरून खाली. दुसऱ्या दिवसापासून माझं दूध बंद झालं, त्या आठवड्यात अंडी गेली, आणि त्यानंतर पाव. मला वाईट वाटल्याचं आठवत नाही. आई नसलेल्या घरात माझ्याकडे कोणीतरी इतकं निरखून बघतंय, याचंच त्या वयात अप्रूप होतं. शाळेत मला 'किसणी' म्हणायचे. एकजण तर खरोखरच घरून गाजर घेऊन आला, माझ्या दंडावर किसून बघायला. ते ताईच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत शाळेत आली, त्या मुलाच्या हातातलं गाजर काढून घेतलं, त्याच्यासमोर उभं राहून शेवटच्या तुकड्यापर्यंत कचाकचा खाल्लं आणि एक अक्षर न बोलता निघून गेली. नाव काही बदललं नाही, पण गाजर परत कोणी आणलं नाही. पुढं ताई जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत लागली आणि मोठी हेडक्लार्क होऊन निवृत्त झाली. ज्या गोष्टीची नोंद नाही ती घडलेलीच नाही, असं तिचं मत आहे. माझ्या कातडीचीही तिनं नोंद ठेवली. एका पत्र्याच्या डब्यात कार्डं, प्रत्येक कार्डावर एक उपाय. सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख, आणि शेरा. 'फरक नाही.' 'किंचित फरक, बहुधा भास.' 'भाऊ टाळाटाळ करतो.' दर रविवारी दुपारी बायको आणि मी तिच्याकडे जेवायला जातो, जेवण झालं की ती चष्मा लावते आणि म्हणते, "बाही वर कर." मग तो अंगठा. खालून वर, वरून खाली. आता त्या अंगठ्यालाही सुरकुत्या पडल्यात, पण दाब तोच आहे. माझं लग्न झालं, केस गेले, दोन दात गेले, तरी दर रविवारी त्या अंगठ्याखाली मी नऊ वर्षांचा होतो. मशीन रूममध्ये बसून मला ज्याची भीती वाटली ते हेच होतं. अंडी मिळतील, कोको मिळेल, पण मग रविवारी जेवण झाल्यावर ताई माझ्या दंडाचं करणार काय?

बायको बालवाडीत शिकवते. तिशीपासून साठीपर्यंतच्या सगळ्या माणसांशी ती 'शहाणं बाळ ना ते' याच सुरात बोलते. तिला सांगितलं तेव्हा आधी ती पोट धरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, म्हणजे मी अठ्ठावीस वर्षं तुमच्यासाठी वेगळं शिजवतेय ते उगाचच?" मी म्हटलं, तसं अजून सिद्ध झालेलं नाही. डॉक्टर म्हणाली म्हणून मी ऐकायचं, तर मग ताई म्हणाली म्हणून ऐकत होतो ते काय वाईट? चाचणी घेतली पाहिजे. "घ्या बाई चाचणी," बायको म्हणाली, "पोती आणू का वाळूची?" त्याच संध्याकाळी मी नियम ठरवले. मुदत सहा आठवडे. खाणं पूर्ण मोकळं, दूध, अंडी, पाव, सगळं. उजव्या दंडाला ताईचे सगळे उपचार, वज्री आणि लेप, एक दिवसही न चुकता. डाव्या दंडाला वज्री नाही, लेप नाही, नुसतं औषधाच्या दुकानातलं साधं क्रीम. खाण्यानं बिघडणार असेल तर दोन्ही दंड बिघडतील. लेपानं सुधारणार असेल तर उजवा सुधारेल. माझ्यासारख्या माणसाला यात जो आनंद मिळाला तो सांगून कळायचा नाही. मी आरशावर चिकटपट्टीनं 'उ' आणि 'डा' अशी अक्षरंसुद्धा लावली, कारण आरशात माझा घोटाळा होतो.

पहिल्या सकाळी बायकोनं माझ्यासमोर पेलाभर दूध ठेवलं आणि हनुवटीखाली हात घेऊन बघत बसली. मी डोळे मिटून प्यायलो. अठ्ठेचाळीस वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते दूध मला मुळीच आवडलं नाही. ओल्या भिंतीला चव असती तर अशीच असती. मी तसं बोललो तर बायको इतकी हसली की तिला उचकी लागली. पण अंडं! अंड्यानं मात्र माझं पार पाणी केलं. टरफलाला गेलेला तडा, आतला तो पातळ पापुद्रा, पांढऱ्याची ऊब, आणि मध्ये जिभेवर भुगा होऊन विरघळणारा पिवळा बलक, वर चिमूटभर मीठ. सहलीतली ती सगळी मुलं मला आठवली आणि मी त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं, गाजरवाल्यासकट. त्या महिन्यात मी रस्त्यानं चालायचो तो वेगळाच. बेकरीच्या दारातून येणारा ताज्या पावाचा वास पूर्वी मी बाहेरच्या बाहेर घेत असे, खिडकीतून दुसऱ्यांच्या घरातली पंगत बघावी तसा. आता मी आत जाऊन रांगेत उभा राहायचो. कामावर मिस्त्री म्हणाला, साहेब, हल्ली तुम्ही मशीन रूममध्ये गाता. मी म्हटलं, दोर तपासताना आवाज कसा घुमतो ते बघत होतो.

आणि सगळ्यात मोठी मौज अशी, की दंड बिघडले नाहीत. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, दोन्ही होते तसेच. चौथ्या आठवड्यात मला डाव्या हाताचा संशय यायला लागला. बस थांबल्यावर दांडा सोडताना हात अंगाला घासला की पूर्वी सदऱ्याच्या कापडातूनही खर्र लागायचं. आता लागेना. उजवा तसाच लालबुंद आणि खरखरीत होता. मी बायकोला डोळे मिटायला लावून दोन्ही दंडांवर हात फिरवायला सांगितलं. "हा मऊ," ती लगेच म्हणाली आणि डाव्यावर टिचकी मारली. मी आनंदानं उडायला हवं होतं. पण दुसरा दिवस रविवारचा होता.

जेवणं झाली. ताईनं चष्मा लावला. "बाही वर कर." मी केली. उजव्यावर अंगठा फिरला. डाव्यावर फिरला आणि थांबला. परत फिरला. मग तिनं चष्मा काढून साडीच्या पदराला पुसला, पुन्हा लावला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात माझा दंड धरला. "अगं," ती माझ्या बायकोला म्हणाली, "इकडे ये, हात लावून बघ. डावा बघ!" माझा दंड तिनं सोडला नाही. "मानवला लेप! मी म्हणत नव्हते? मधाचं प्रमाण वाढवलं ना मी मागच्या महिन्यात! तो कमी पडत होता इतकी वर्षं!" डबा आला, कार्ड निघालं, आणि ताईनं माझ्यादेखत ठळक अक्षरात लिहिलं: 'डावा: स्पष्ट सुधारणा. उजवा मागोमाग येईल.' भांडी आवरताना ती गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना शेवटचं कधी ऐकलं होतं ते मला आठवेना. बायको माझ्याकडे बघत होती, मी टेबलावरच्या मीठदाणीकडे. घरी जाताना बसमध्ये ती म्हणाली, "सांगायचं असेल तर आता सांगा. नंतर फार जड जाईल." मी म्हटलं, सांगायचंच कशाला? लावीन की लेप. गुपचूप अंडी खाईन. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला एवढं एक गुपित ठेवता येऊ नये? बायकोनं नुसतं माझ्याकडे बघितलं. तिच्या वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांकडे ती असंच बघत असणार. मला त्या रात्रभर बरं वाटलं नाही असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर मी छान झोपलो. भित्र्या माणसाला निर्णय पुढं ढकलल्यावर उत्तम झोप लागते.

जाग आणली ती मुंगीनं. मुंगी म्हणजे ताईची नात. ताईचा मुलगा, सून आणि ही अकरा वर्षांची पोर त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते म्हणून मुंगी. पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा उकाडा मरणाचा होता, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता, आणि मुंगी मनगटापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा सदरा घालून जेवायला बसली होती. तिच्या ताटात उकडलेला दुधी आणि भात. माझ्या ताटातही उकडलेला दुधी आणि भात. बाकीच्यांच्या ताटात बाकीचं. मी दोन्ही ताटांकडे आळीपाळीनं बघितलं. "तिलाही आलंय," ताई हळूच म्हणाली, "गेल्या महिन्यात दिसलं. काही काळजी नाही, आता नेमका उपाय सापडलाय." जेवल्यावर मी सज्ज्यात जाऊन उभा राहिलो तर मुंगी मागोमाग आली. कठड्याला रेलून तिनं गंभीरपणे विचारलं, "मामाआजोबा, तुम्हाला कधी बरं वाटणार?"

"का गं?"

"आजी म्हणते, मामाआजोबांचं बरं झालं की तुझं पण होणार. तुम्ही किती दिवस करताय हे?"

"अठ्ठेचाळीस वर्षं," मी म्हणून गेलो.

ती बोटांवर मोजायला लागली. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा तिनं माझी घेतली. "मग मी एकोणसाठ," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. नुसतं खाली रस्त्यावर बघत तिनं बाहीचं बटण सोडलं, थोडं खाजवलं आणि परत नीट लावून टाकलं. "पोहायला मी नाव नाही घातलं या वर्षी," ती म्हणाली, "तसंही पाणी थंड असतं."

पाणी थंड असतं! मीसुद्धा असंच म्हणायचो. आमच्या शाळेमागच्या तळ्यावर पोरं सूर मारायची आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो, आणि कोणी विचारलं की म्हणायचो, पाणी फार थंड आहे. हे वाक्य कोणीही तिला शिकवलेलं नव्हतं. ते तिचं तिला सापडलं होतं, जसं मला सापडलं होतं. माझ्यापुरतं गुपित ठेवायचं ते मी आनंदानं ठेवलं असतं. ताईचा अंगठा सांभाळण्यासाठी मी आणखी वीस वर्षं वज्रीनं कातडं सोलून काढलं असतं. पण त्याची किंमत या पोरीनं मोजावी, हे मला जमणार नव्हतं. मी आत गेलो. ताई चष्मा लावून बसली होती.

"बाही वर कर."

"ताई, मला काहीतरी सांगायचंय."

"आधी बाही."

"नाही. आधी सांगणं."

असं मी तिला आयुष्यात कधी बोललो नव्हतो. तिनं चष्म्यावरून बघितलं. माझ्या बायकोनं मुंगीला घेऊन खालच्या मजल्याचा रस्ता धरला, अगदी वर्गातून रांग बाहेर काढावी तशी. मी सांगितलं. मला सांगता येतं तसं, तपासणीचा अहवाल वाचावा तसं सांगितलं. तारीख, मुदत, पद्धत. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, अंडी किती, दूध एकदाच. उजव्याला लेप, डाव्याला नाही. बोलताना मी सगळ्या परिस्थितींची तयारी ठेवली होती. ती ओरडेल, ती रडेल, किंवा मी तिला न विचारता स्कूटर घेतली होती तेव्हासारखी महिनाभर बोलणार नाही. ती मध्ये फक्त दोनदा बोलली.

"अंडी रोज?"

"रोज एक. रविवारी सकाळी दोन."

"आणि डाव्याला लेप एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

तिनं कार्ड हातात घेतलं आणि स्वतःच्याच अक्षरातली ती ठळक ओळ बराच वेळ वाचली. खालच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला, बंद केला. मी माझ्या दंडाकडे बघत होतो, जणू सगळा गुन्हा त्यानं केला होता. मग ताई बोलली तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. म्हणजे होता, पण फार फार जुना. सतरा वर्षांच्या मुलीचा.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझ्या हातचं खाऊन झालं नव्हतं?"

मला अर्थच लागेना. "तुझ्या हातचं?"

"आई गेली तेव्हा मला येत काय होतं रे? दूध तापवता यायचं, अंडी उकडता यायची आणि पाव कापता यायचा. चार महिने मी तुला सकाळ-संध्याकाळ तेवढंच घातलं. तू बिचारा काही बोलायचा नाहीस, खायचास. आणि मग तुझ्या दंडावर हे आलं. बाबांनी बघितलं. म्हणाले, 'काय खायला घालतेस पोराला? अंग बघ त्याचं.' एवढंच. पुन्हा कधी बोलले नाहीत. पण बोलले ना."

ते चार महिने मी आठवायला लागलो. भूक लागल्याचं आठवेना, कंटाळा आल्याचं आठवेना. आठवलं ते एवढंच, की अंड्याचं टरफल एका सलग पट्टीत सोलायची ताई माझ्याशी पैज लावायची आणि दर वेळी हरायची. मी तिला तसं सांगितलं. "मुद्दाम हरायचे," ती म्हणाली. सगळ्यात आधी नेमकी हीच तीन का बंद झाली, हे अठ्ठेचाळीस वर्षांत मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि ही बाई दर रविवारी माझ्या दंडावर अंगठा फिरवत होती ती माझं औषधपाणी बघायला नव्हे, स्वतःची शिक्षा किती उरली ते मोजायला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाल्या, घराण्यातून येतं. आईला होतं का गं?"

"छे! आईची कातडी लोण्यासारखी होती," ताई म्हणाली. आणि मग एकदम हात वर करून म्हणाली, "थांब."

मी थांबलो.

"बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांची पाठ चोळून द्यायचे. दोन्ही दंड आणि पाठीचा वरचा भाग, नुसती वाळू रे. मी म्हणायचे, बाबा, किती हो घामोळं तुम्हाला! आणि बाहेर दातावर दात आपटावेत अशी थंडी." तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ थरथरायला लागले, आणि मला वाटलं आता बांध फुटणार. फुटला, पण हसण्याचा. "घामोळं! भर थंडीत घामोळं! मी नोंदीतली माणूस, मला तेव्हाही शंका आली नाही! म्हणजे माल त्यांचा, आणि पावती माझ्या नावावर!" ती टेबलावर हात आपटून हसली, हसता हसता रडली, पदरात नाक शिंकरलं आणि परत हसली. मीही हसत होतो. आमचा आवाज ऐकून मुंगी जिना चढून धावत आली आणि दारात उभी राहिली. "काय झालं?"

"तुझ्या पणजोबांनी सगळ्यांना फसवलं," ताई म्हणाली. "ते बटण काढ आधी. उकडून मरशील."

पण ताई ती ताईच. अर्ध्या तासात चेहरा धुऊन ती परत हेडक्लार्क झाली. आमच्या कचेरीत ब्लडप्रेशर मोजणाऱ्या पोरीच्या तोंडी सांगण्यावर ती विश्वास ठेवणार नव्हती, आणि माझ्या एका हाताच्या चाचणीवर तर नाहीच. कातडीच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ तिनं स्वतः फोन करून घेतली, आणि त्या शनिवारी दुपारी आम्ही तिघं तिथं गेलो. डॉक्टर म्हातारे होते, कानावर केस होते आणि हातात भिंग. त्यांनी मुंगीचे दंड बघितले, माझे बघितले, ताईला शंका नको म्हणून परत मुंगीचे बघितले. मुंगीला म्हणाले, "आंघोळीनंतर हे क्रीम लावायचं, अंग ओलं असतानाच. मोठी झालीस की कमी होईल कदाचित. नाही झालं तरी बिघडत काही नाही." "पोहलं तर?" मुंगीनं विचारलं. "पोहलं तर पोहता येईल," डॉक्टर म्हणाले. मग ताई खुर्चीत पुढं सरकली. मांडीवरची पर्स तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"डॉक्टरसाहेब, एक विचारते. नऊ वर्षांच्या मुलाला चार महिने नुसतं दूध, पाव आणि अंडी घातली, तर त्यानं होतं का हे?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण ते हसले नाहीत. भिंग खाली ठेवून म्हणाले, "नाही, बाई. अजिबात होत नाही."

"वडिलांकडून येतं?"

"वडिलांना होतं ना? मग तिथूनच."

"लिहून द्या," ताई म्हणाली.

त्यांनी कागद ओढला, पेन उघडलं. "कोणाच्या नावावर लिहू? मुलीच्या, की यांच्या?"

"माझ्या," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी तिचं नाव विचारून घेतलं आणि सावकाश दोन ओळी लिहिल्या. ताईनं त्या तिथंच वाचल्या, शिक्का मारायला लावला, कागदाची चौपदरी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पर्सची कडी दोनदा दाबून बघितली. बाहेर आल्यावर ती आमच्यापुढं चालायला लागली. चांगलं लख्ख ऊन होतं. तिची पाठ मला नेहमीपेक्षा ताठ वाटली, की मीच पहिल्यांदा नीट बघत होतो, सांगता येत नाही. कोपऱ्यावर आइस्क्रीमची गाडी उभी होती. मुंगीनं माझ्याकडे बघितलं, मी मुंगीकडे, आणि आम्ही दोघं चोरासारखे मागं रेंगाळलो. ताई चालत राहिली. मागं वळून तिनं बघितलं नाही, पण पाठमोरी असतानाच एक बोट वर केलं. ते दटावायला होतं की आणखी कशाला, मला क्षणभर कळेना.

मुंगीला कळलं. "तीन द्या," ती गाडीवाल्याला म्हणाली.